फेडलेली उधारी पुन्हा का फेडायची?

दुपारची भांडी आवरून घटकाभर पाठ टेकावी, तर नेमकी तीच जुनी आठवण वर येते. कुणाला तोडून बोललेला शब्द, कुणाकडे फिरवलेली पाठ. ज्याचं त्यालाही आता आठवत नसेल, पण आपल्याला मात्र झोप लागत नाही. तुमचंही असं होतं ना?

आमच्या मंडळीतल्या एक बाई वर्षभर प्रभुभोजनाला पुढे येत नव्हत्या. उपासनेला यायच्या, गाणी म्हणायच्या, पण भाकर आणि प्याला फिरू लागला की मान खाली. एकदा स्वयंपाकघरात बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. संध्याकाळी त्यांनी चहा मागितला. पोळ्या चालू होत्या, मुलगा रडत होता. "थांबा की जरा! मला काय चार हात आहेत?" असं त्या खेकसल्या. चहा नेला तेव्हा सासूबाईंचा डोळा लागला होता. त्या रात्रीच त्या गेल्या.

"देवाची क्षमा हजारदा मागितली हो," त्या म्हणाल्या, "पण मन मानत नाही."

मन मानत नाही, खरं दुखणं हेच. क्षमा मागणं आपल्याला येतं, घेणं येत नाही. वाण्याच्या वहीतली उधारी चुकती झाली, त्यानं पानावर रेघ मारली, तरी आपण रोज दुकानात जाऊन "माझे किती राहिले?" म्हणून विचारलं तर तो काय म्हणेल? ख्रिस्ती श्रद्धा सांगते, ती उधारी ख्रिस्तानं वधस्तंभावर फेडली. मग रोज स्वतःला टोचून आपण कुणाचं देणं देतो? मला तर वाटतं, त्यात थोडा अहंकारही असतो. देवानं सोडलं तरी मी सोडणार नाही, असा!

पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीलाही हे एका दिवसात उमगलं नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की, त्यानंतरही कितीतरी वर्षं पापाचं ओझं मनावर होतंच. धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, की आधी चांगलं होऊन मग क्षमा मिळवायची नसते. आहोत तसं यायचं असतं. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुलींना पोटाशी धरलं. ते ओझं उतरल्यावरचं काम आहे.

आणि पेत्र पाहा. कोळशाच्या शेकोटीपाशी उभा राहून त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं. पुनरुत्थानानंतर प्रभू त्याला भेटतो तो सरोवराकाठी, आणि तिथेही कोळशाचा विस्तव! त्यावर मासळी भाजलेली, भाकरी तयार. आधी न्याहारी, मग बोलणं. "का नाकारलंस?" हा प्रश्नच नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढं तीनदा विचारलं आणि मेंढरं सांभाळायला दिली. (पुरुषमाणसानं न्याहारी करून ठेवली, हेही आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे!)

मात्र एक गोष्ट. ज्याचा अपराध केला तो माणूस हयात असेल, तर देवापाशी रडून भागत नाही. त्याच्या दारी जावं लागतं. घेतलेलं परत करावं लागतं. जक्कयानं चौपट परत केलं होतं. आणि झोप, भूक उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा. त्यात श्रद्धा कमी पडली असं मुळीच नाही.

त्या बाईंच्या सासूबाई तर गेलेल्या. मग त्या नणंदेकडे गेल्या आणि चहाची गोष्ट सांगितली. नणंद बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वहिनी, आईनं नाताळला बोलावलं होतं, मी आले नाही. तुम्ही निदान जवळ तरी होतात." दोघी पोटभर रडल्या.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला त्या माझ्या शेजारीच होत्या. हात थरथरत होता, पण प्याला घेतला. संध्याकाळी चहाचं आधण ठेवताना आईंची आठवण अजून येते म्हणतात. आता त्या गॅस बंद करून बाहेर जात नाहीत. चहा करतात, आणि पितात.