टॉवर गच्चीवर, फोन उशाशी!

सोसायटीच्या मीटिंगला आपल्या वयाचं कोणी जातं का? रविवारी सकाळी अकरा म्हणजे आपली दुसरी झोप सुरू व्हायची वेळ. पण त्या रविवारी आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगचं पार्किंग चक्क फुल्ल होतं. विषय एकच: गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करायचं की टॉवर हटवायचा?

सेक्रेटरी काका भाड्याचं गणित मांडत होते. टॉवर राहिला तर लिफ्टचं काम होईल, मेंटेनन्स वाढणार नाही वगैरे वगैरे. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. दीड वर्षापूर्वी ब्रेन ट्यूमरने त्यांचे यजमान गेले. त्या एवढंच म्हणाल्या, "लिफ्ट होईल हो तुमची. पण हे त्या टॉवरमुळे गेले नाहीत, असं मला कोणी सांगेल का?"

सगळे गप्प. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला. मास कॉमची डिग्री मिरवणाऱ्या माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मग म्हटलं, शोधूया तरी!

रेडिएशन म्हणजे नक्की काय?

शब्दच असा आहे की ऐकूनच घाबरायला होतं. पण सगळी रेडिएशन्स सारखी नसतात. एक्स-रेमध्ये पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ताकद असते. मोबाइल, टॉवर, वाय-फाय यांच्या रेडिओलहरींमध्ये ती नसते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे शरीराचा भाग किंचित गरम होणं. सुरक्षेच्या मर्यादाही त्यावरूनच ठरतात.

मग कॅन्सरचं काय? मे २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या लहरींना '२बी' गटात टाकलं. म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक'. झालं, हेडलाइन्सचा पाऊस पडला! पण याच गटात पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आला. थोडक्यात काय, तर '२बी' म्हणजे 'संशयाला जागा आहे, पुरावा अपुरा आहे'.

संशय तरी कुठून आला? १३ देशांमधल्या 'इंटरफोन' अभ्यासातून. २०१०मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत एकूण धोका वाढलेला दिसला नाही. मात्र सगळ्यात जास्त फोन वापरणाऱ्या १० टक्के लोकांमध्ये ग्लायोमा या ट्यूमरचं प्रमाण साधारण ४० टक्के जास्त दिसलं. पण दहा वर्षांपूर्वी रोज किती बोलायचात, हे आठवून कोण बरोबर सांगणार? संशोधकांनीच ही अडचण मान्य केली होती. २०१८मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात ट्यूमर आढळले. पण त्या उंदरांना दोन वर्षं, रोज नऊ तास, अख्ख्या अंगावर लहरींचा मारा होता. आणि गंमत म्हणजे, तेच नर उंदीर बाकीच्या उंदरांपेक्षा जास्त जगले!

२०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला मोठा आढावा आला. ६३ अभ्यास तपासून निष्कर्ष निघाला की मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसत नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांमध्येही नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोबाइल घराघरांत पोचले, पण मेंदूच्या कॅन्सरचा आलेख काही त्या वेगाने चढला नाही.

टॉवर की हँडसेट?

आपल्याकडे टॉवरविरुद्धची लढाई जुनी आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी २०१०मध्येच सरकारला धोक्याचा इशारा देणारा अहवाल दिला होता. जुही चावलाने मुंबईतल्या टॉवर्सविरुद्ध आवाज उठवला. पुढे २०२१मध्ये ती ५जीविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली, तेव्हा मात्र दावा फेटाळला गेला आणि वर २० लाखांचा दंड बसला (तो नंतर २ लाखांवर आला). पण या सगळ्या आरड्याओरड्याच्या काळातच, १ सप्टेंबर २०१२पासून, भारताने टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या फक्त एक दशांश मर्यादा लागू केली.

आता खरा ट्विस्ट! टॉवरचा अँटेना लहरी फेकतो त्या मुख्यतः समोर, दीपगृहाच्या झोतासारख्या. बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये त्या बऱ्याच कमी पोचतात. शिवाय अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. आणि फोन? तो तर थेट कानाला! म्हणजे आपल्या डोक्याला जास्त डोस मिळतो तो गच्चीवरच्या टॉवरकडून नाही, हातातल्या हँडसेटकडून.

त्यातही रेंज कमी असली की फोन जोर लावतो. गोंगाटात आपण ओरडून बोलतो, अगदी तसंच. टॉवर हटवला आणि रेंज एका काडीवर आली, तर ज्याच्यासाठी भांडलो तेच उलटं वाढायचं! आता बोला!

काकूंचं उत्तर

हे सगळं घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांनी चहा टाकला, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे टॉवरमुळे नाही?"

"तसा पुरावा सापडलेला नाही, काकू. असे बहुतेक ट्यूमर का होतात, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "टॉवरवर राग काढता येत होता गं," म्हणाल्या. "आता कुणावर काढू?"

याचं उत्तर मला कुठल्याच अभ्यासात सापडलं नाही. पण पुढच्या मीटिंगला त्याच उठल्या आणि म्हणाल्या, "भांडू नका. आधी मोजून घ्या, मग ठरवा." आता तपासणीसाठी अर्ज गेलाय. २०१७मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'तरंग संचार' पोर्टलवर फी भरून टॉवरचं रेडिएशन मोजून मागता येतं, हे आमच्या कमिटीत कुणाला माहीतही नव्हतं!

एवढं तर कराच!

• लांबलचक कॉल इअरफोनवर किंवा स्पीकरवर घ्या. फोन डोक्यापासून जितका लांब, तितका डोस कमी.
• लिफ्ट, बेसमेंट, एक काडी रेंज? कॉल नंतर करा, आत्ता मेसेज टाका.
• स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश डायल करा. बऱ्याच फोनवर 'सार' व्हॅल्यू दिसते. भारतातली मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे.
• 'अँटी-रेडिएशन' स्टिकरवर पैसे घालवू नका. सिग्नल अडला तर फोन उलट जास्त जोर लावतो.
• गाडी चालवताना फोन नको म्हणजे नको. मोबाइलमुळे जीव जातो याचा पक्का पुरावा आहे, तो इथे!
• रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा. लहरींसाठी नाही हो, झोपेसाठी!