कुटुंबाचा फोटो काढायचा आहे? छायाचित्रकार पारखून घ्या

नंदुरबार : घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली, की उत्तरकार्याच्या आधी नातलगांची धावपळ सुरू होते ती फोटोसाठी. कपाटे, ट्रंका, लग्नाचे जुने अल्बम धुंडाळले जातात आणि पुष्कळदा हाती लागते ते केवळ मतदार ओळखपत्र किंवा आधार कार्ड. त्यावरील नखाएवढा चेहरा मोठा करून, मागची भिंत पुसून, हार घालण्याजोगी तसबीर तयार केली जाते. नातवंडांना पुढे आजी-आजोबा ठाऊक होतात ते याच अनोळखी मुद्रेने.

सरकारी कॅमेरा घरोघरच्या माणसांपर्यंत पोहोचला, ही गोष्ट लहान नाही. निवडणूक आयोगाने मतदारांसाठी छायाचित्र ओळखपत्राचा निर्णय १९९३ मध्ये घेतला. देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी झाले, तेही याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. परंतु ओळख पटविण्यासाठी काढलेला फोटो वेगळा आणि आठवण राहावी म्हणून काढलेला वेगळा. पहिल्यात माणूस एकटा, ताठ बसलेला असतो. दुसऱ्यात त्याच्या मांडीवर नातू असतो, शेजारी आयुष्याची जोडीदार असते आणि मागे उभी लेकरे असतात. मोबाइलमुळे फोटो उदंड झाले, तरी घरातील सर्वजण एका चौकटीत आहेत असा फोटो आजही दुर्मीळच. कारण तो काढणारा घरातलाच असतो आणि नेमका तोच त्यात नसतो. म्हणूनच या कामासाठी जाणता छायाचित्रकार निवडण्याला महत्त्व येते.

आधी दिवस ठरवा

छायाचित्रकार शोधण्यापूर्वी कुटुंब कधी एकत्र येते, याचा विचार करणे हिताचे. खान्देशात सासुरवाशिणी लेकी आखाजीला माहेरी येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात होळी हा वर्षाचा मोठा सण. ऊसतोडीसाठी किंवा गुजरातमधील कामांसाठी बाहेर पडलेली माणसे होळीसाठी आवर्जून गावी परततात. मात्र हा सारा काळ लग्नसराईला लागून असतो. आखाजीच्या सुमारास तर चांगले छायाचित्रकार आधीच गुंतलेले असतात आणि दुपारचे ऊनही डोळे उघडू देत नाही. अशा वेळी फोटो काढायचाच असेल, तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर काढावा.

या दृष्टीने श्रावण सोयीचा ठरतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते आणि रोटांसाठी भाऊबंद लांबून गावी येतात. चातुर्मासात लग्ने थांबलेली असल्याने छायाचित्रकाराला सवड असते, दरही बोलून ठरविता येतात. ढगाळ आकाशाचा प्रकाश मऊ असतो. चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. घराच्या ओट्यावर किंवा उघड्या दारापाशी या दिवसांत निघालेला फोटो महागड्या दिव्यांखालील फोटोच्या तोडीस तोड उतरू शकतो.

नमुने पाहताना

बहुतेक छायाचित्रकार आपले निवडक दहा-वीस फोटो दाखवितात. त्यावरून फारसे कळत नाही. एकाच कुटुंबाचे, एकाच दिवशी काढलेले सर्व फोटो, त्या कुटुंबाची हरकत नसल्यास, पाहायला मागावेत. लग्नाचे नमुने पाहून कौटुंबिक फोटोचा अंदाज बांधू नये. लग्नात प्रसंग आपोआप घडत असतो आणि छायाचित्रकार तो टिपतो. कौटुंबिक फोटोत पंधरा-वीस माणसांना एकाच क्षणी मोकळे करावे लागते, हे कसब निराळे.

नमुन्यांत तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मागच्या रांगेतील डोळे. पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर असेल, तर भिंगाचे छिद्र गरजेपेक्षा जास्त उघडे ठेवले गेले, असे समजावे. दोन-तीन रांगांच्या गटासाठी ते सहसा एफ ५.६ ते एफ ८ च्या आसपास ठेवले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे कडेची माणसे. ती रुंद किंवा तिरकी दिसत असतील, तर जागा अपुरी म्हणून रुंद कोनाचे भिंग अगदी जवळून वापरलेले असते. मोठ्या कुटुंबासाठी मोकळे अंगण सुचविणारा छायाचित्रकार म्हणूनच अधिक जाणकार समजावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्वचेचा रंग. उन्हातान्हात राबलेले सावळे चेहरे आणि पांढरे शुभ्र धोतर, टोपी किंवा सदरा एकाच चौकटीत आले, की कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन सहज फसते. कपडे उजळ दिसतात आणि चेहरे काळवंडतात. निष्णात छायाचित्रकार प्रकाश चेहऱ्यावरून मोजतो. कच्चा छायाचित्रकार नंतर संगणकावर चेहरे गोरे करून टाकतो. त्यात सुरकुत्या जातात, गोंदण पुसले जाते आणि माणूसही हरवतो. 'आमच्या माणसांचा रंग आहे तसाच राहू द्या', असे आधीच स्पष्ट सांगावे. त्यावर छायाचित्रकार काय उत्तर देतो, यावरून पुष्कळसा उलगडा होतो.

यंत्रापेक्षा माणूस मोठा

कॅमेरा कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न ग्राहक हमखास विचारतात. आजचा कोणताही व्यावसायिक कॅमेरा या कामाला पुरेसा आहे. खरी कसोटी असते ती समोर बसलेल्या माणसाचा संकोच घालविण्याची. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी चित्रपटात येण्यापूर्वी गोध्रा आणि बडोदे येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. कॅमेरा माणसातील शक्ती शोषून घेतो, अशा समजुतीमुळे बडोद्यात त्यांचा व्यवसाय रखडला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ती भीती आता उरलेली नाही; परंतु भिंगासमोर आखडून जाणे मात्र कायम आहे. विशेषतः ज्यांनी आयुष्यात दोन-तीनदाच फोटोला बसावे, त्या वृद्धांच्या बाबतीत.

या जिल्ह्यात अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजर अशा अनेक बोली घराघरांत बोलल्या जातात. आजीशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलू शकणारा स्थानिक छायाचित्रकार दूरच्या शहरातून आलेल्या नामवंतापेक्षा अनेकदा सरस ठरतो. दिवस पक्का करण्यापूर्वी त्याने काय विचारले, हेही लक्षात घ्यावे. घरात किती माणसे, सर्वांत वृद्ध कोण, त्यांना उभे राहवते का, तान्हे मूल केव्हा झोपते, असे प्रश्न तो स्वतःहून विचारत असेल, तर निवड योग्य दिशेने चालली आहे. उलट, पडदे, झोपाळे आणि भाड्याच्या पोशाखांची यादीच त्याने पुढे केली, तर जरा थांबावे. घरातील चांदीचे दागिने, ठेवणीतले लुगडे, आजोबांचा फेटा यांना उसन्या सजावटीची गरज नसते.

व्यवहार कागदावर

फोटोवरून वाद होतात ते बहुधा पैशांपेक्षा हक्कांवरून. पूर्वी निगेटिव्ह स्टुडिओत राहत आणि जादा प्रतीसाठी तेथेच जावे लागे. आता निगेटिव्हची जागा डिजिटल फाइलने घेतली, पण ग्राहक अजूनही ती मागायला कचरतो. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे असतो. म्हणून 'वेगळा करार' म्हणजेच पावतीवरील अटी सही करण्यापूर्वी वाचणे आवश्यक. घरातील फोटो, त्यातही लहान मुलांचे, स्टुडिओच्या जाहिरातीत किंवा समाजमाध्यमांवर वापरायचे की नाही, हेही त्याच वेळी लिहून घ्यावे.

दर ठरविताना इसार किती, किती तास काम, किती फोटो दुरुस्त करून मिळणार, मोठ्या आकाराच्या किती प्रती, गावी येण्याचा खर्च कोणाचा आणि पाऊस आल्यास पर्यायी दिवस कोणता, हे स्पष्ट असावे. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यावर जायचे असेल, तर प्रवासाचा वेळ आधीच धरावा. मूळ आकाराच्या फाइली मिळतील, असे नमूद करून घ्यावे. १२ बाय १८ इंचांची उत्तम प्रत काढण्यासाठी दर इंचाला ३०० बिंदू धरले, तर सुमारे १९ मेगापिक्सेलचा फोटो लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो यापेक्षा कितीतरी लहान होऊन येतो. तो मोबाइलवर सुरेख दिसतो, पण भिंतीवर फाटतो. फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन किमान दोन ठिकाणी जपाव्यात, कारण छायाचित्रकारही त्या कायम सांभाळून ठेवील याची खात्री नसते.

सर्वांत स्वस्त कोण, यापेक्षा कोणापुढे आपली माणसे मोकळी बसतील, हा प्रश्न निवडीच्या वेळी वरचा मानावा. एकदा फोटो हाती आला, की त्याची कागदावरची प्रत काढून घ्यावी आणि मागच्या बाजूस तारीख, गाव व डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव लिहून ठेवावे. आज सर्वांना सर्व चेहरे ठाऊक आहेत. पन्नास वर्षांनी ते सांगणारे घरात कोणी असेलच असे नाही.