घरगुती माहिती-कोठाराची जुळणी

१९५६ साली आयबीएमच्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आज बंगळूरच्या एस. पी. रोडवरील दुकानांतून त्याच्या लक्षावधी पट मजकूर सामावणारी डिस्क पिशवीतून घरी आणता येते. परंतु घरातील छायाचित्रे व दस्तऐवज जपणारे कोठार जुळविताना वेगापेक्षा विश्वासार्हता अधिक मोलाची. प्रोसेसर साधा चालतो. खर्च करावा तो अहोरात्र चालण्याजोग्या दोन डिस्कांवर, चुका दुरुस्त करणाऱ्या ईसीसी स्मृतीवर, ती पेलणाऱ्या मदरबोर्डवर आणि वीज जाताच यंत्र सावरणाऱ्या यूपीएसवर. दोन्ही डिस्कांवर एकच मजकूर लिहिला गेल्यास एक निकामी झाली तरी दुसरी तारते. मात्र चुकून पुसलेले दोन्हींवरून पुसले जाते. म्हणून तिसरी प्रत घराबाहेर ठेवणे अगत्याचे होय.