भोनच्या पांढरीवर

सहल काढायची म्हटली की आमच्या वस्तीत अजिंठा आणि वेरूळ ही दोनच नावे पुढे येतात. बरेच जण तिथे तीन-तीनदा जाऊन आले. म्हणून २०१२ सालच्या जानेवारीत आम्ही ठरवले, या खेपेस आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात राहायचे. शेगाव स्थानकावर उतरलो, जीप ठरवली आणि संग्रामपूर तालुक्यातल्या भोन गावी गेलो. सोबत बायाबापड्या, लेकरे, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा.

पूर्णेच्या काठी पोहोचल्यावर लेकरांचा पहिला प्रश्न, "लेणी कुठंय?" लेणी नव्हतीच. काळ्याभोर रानात जरा उंच, फिकट मातीचे टेकाड आणि त्यावर विखुरलेली खापरे. वऱ्हाडात अशा जागेला पांढरी म्हणतात. माणसे शेकडो वर्षे राहिली, घरे पडली, त्यावर पुन्हा घरे उठली की काळीची पांढरी होते. शेजारच्या शेतातले काका म्हणाले, "इथं इटा निंगतात. आमच्या बापजाद्यापासून निंगतात." कशाच्या, ते त्यांनाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते.

ते कळले २००२ नंतर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा भाजक्या विटांच्या स्तूपाचा गोल पाया उघडा झाला. व्यास सुमारे १० मीटर. काळ इसवी सनापूर्वी तिसरे शतक, असे संशोधकांचे मत आहे. म्हणजे सम्राट अशोकाचा काळ! अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी याच्याही नंतरची. स्तूपाशिवाय विटांच्या आणि मातीच्या कड्यांच्या अनेक विहिरी सापडल्या, नाणी आणि मणी सापडले. हे आडरानातले एकटे ठाणे नव्हते, नांदते गाव होते. पूर्णा पुढे तापीला मिळते आणि तापी समुद्राला. या वाटेने व्यापारी जात आणि त्यांच्या सोबतीने भिक्खूही जात असणार.

आपल्या लोकांना लेणी ठाऊक आहेत, पांढरी ठाऊक नाही. कारण साधे आहे. सह्याद्रीत आणि अजिंठ्याच्या डोंगरात कातळ आहे, तो कोरला की टिकतो. पूर्णेच्या खोऱ्यात कातळ कुठला? गाळाची माती, तीच भाजायची आणि तीच रचायची. विटेचा स्तूप ढासळला की त्याचा ढीग होतो, ढिगावर गवत येते, कुणी चुलीला दोन विटा नेतो, कुणी भिंतीला पांढरी माती नेतो. वाईट हेतूने नव्हे. ओळख पुसली गेली की ठेवसुद्धा रोड्यासारखी वापरली जाते.

आता दुखणे सांगतो. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचे धरण हाती घेतलेले आहे आणि भोनची पांढरी त्याच्या बुडीत क्षेत्रात येते.

आम्ही धरणाच्या विरोधात नाही. हा खारपाण पट्टा आहे. विहीर खोदावी तर पाणी खारे, पिण्याला नाही की पिकाला नाही. आमच्यातल्या माहेरवाशिणींनी डोक्यावरून गोड पाणी वाहिलेले आहे. शिवाय बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांनीच केली. धरण नको म्हणणे आपल्याला शोभणार नाही.

पण धरण की स्तूप, असा पेच घालायचे कारणच काय? कृष्णेवर नागार्जुनसागर धरण बांधायचे ठरले तेव्हा नागार्जुनकोंड्याचे विहार आणि स्तूप बुडणार होते. १९५४ ते १९६० या काळात पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले. महत्त्वाच्या वास्तू विटा-दगडांसह उचलून उंच जागी पुन्हा रचल्या आणि टेकडीवर संग्रहालय उभे केले. ती टेकडी आज बेट झाली आहे, लोक नावेतून जातात. गरीब देशाने सत्तर वर्षांपूर्वी जे केले, ते भोनसाठी करता येणार नाही असे कसे म्हणावे? गावांचे पुनर्वसन होते, तसे गावाच्या इतिहासाचेही व्हावे, एवढेच मागणे आहे. आणि ते आपण मागितल्याशिवाय कोण मागणार? आपापल्या विहारात यावर बोलणे व्हावे, अर्ज जावेत.

दुपारी टेकाडाच्या उतारावर बसून आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. काका लांबून पाहत होते. नंतर त्यांनी लेकरांना बोरे आणून दिली.

निघताना आमच्यातल्या एका आजींनी विटेचा तुकडा पदरात बांधला. घरी बुद्धमूर्तीजवळ ठेवते म्हणाल्या. त्यांच्या नातीने सांगितले, "आजी, समद्यांनी एकेक नेला तं इथं काय उरंल?" आजी थोड्या रुसल्या. मग गाठ सोडून तुकडा जिथून उचलला तिथेच ठेवून आल्या.