कुत्रा गुरगुरतो तेव्हा

घरचा कुत्रा आपल्यावरच गुरगुरला की आपलं ठरलेलं असतं: ‘ज्याचं खातोस त्याच्यावरच?’ आणि पाठीत एक धपाटा. मीही घातलेला आहे. आमच्या मोतीचं गुरगुरणं त्यानं थांबलं खरं. पुढे तो शेजारच्या मुलाला आवाजही न करता चावला. चूक माझी होती. गुरगुरणं म्हणजे ‘आता पुरे, लांब हो’ एवढंच. त्याआधी कुत्र्यानं अंग ताठ केलेलं असतं, मान फिरवलेली असते, ओठ चाटलेले असतात. आपल्या ते ध्यानात येत नाही. मारानं आवाज बंद होतो, भीती राहते.

प्रत्येक गुरगुर सारखी नसते. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाडाजवळ आलेल्या कुत्र्यांना ध्वनिमुद्रित गुरगुर ऐकवली. हाड राखणाऱ्या कुत्र्याच्या आवाजानं ते मागे सरले, परक्या माणसावर गुरगुरणाऱ्याच्या आवाजानं तितके नाहीत. दोरीच्या ओढाओढीतली गुरगुर तर निव्वळ खेळ!

मग करायचं काय? जागीच थांबा, डोळे रोखू नका, सावकाश मागे व्हा. मुलांना बाजूला घ्या. हाड हिसकावू नका. थोडं लांब चिकनचा तुकडा टाका, तो आपणच हाड सोडेल. शांत स्वभावाचा म्हातारा कुत्रा उचलताना गुरगुरू लागला तर बहुधा त्याचे सांधे दुखत असतात; पशुवैद्यांना दाखवा. आणि दात लागलाच, तर हळद-चुना नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.