मधल्या हवेचा हिशेब

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये सळई स्टँडमधून बाहेर पडते ती सेकंदाला कित्येक मीटर वेगाने. तिला थर्मामीटर लावायचा कसा? भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत निदान थर्मोकपलची लान्स क्षणभर बुडवून पोलाद सोळाशे अंशांच्या आसपास आलं का ते पाहता येतं. पुढे मात्र सगळं लांबूनच. टीएमटी सळईवर पाण्याचा जोरदार मारा होतो, वरचं कातडं झटकन थंड होतं, गाभा लाल राहतो. मग कूलिंग बेडवर गाभ्यातली उष्णता बाहेर येऊन ते कातडं पुन्हा सहाशेच्या घरात तापवते. सळई किती ताण सोसेल आणि न तडकता किती वाकेल, हे बरंचसं या दुसऱ्या तापण्यावर ठरतं. ते मोजायला इन्फ्रारेड पायरोमीटर लागतो, आणि पडद्यावर उमटलेला आकडा मिलमध्ये तापमान म्हणून वाचला जातो. माझा मुद्दा इथेच आहे. पायरोमीटर तापमान मोजत नाही. तो एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश मोजतो. तापमान हा त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. ग्रहांची वातावरणं दुरून तपासणारी उपकरणं याच निष्कर्षावर उभी आहेत आणि चुकतात तीही इथेच.

सारखंच तापलेले दोन पृष्ठभाग सारखा प्रकाश टाकत नाहीत. गंजाची पपडी धरलेलं लोखंड भरपूर उत्सर्जन करतं, चकचकीत धातू हात आखडता घेतो. या गुणाला एमिसिव्हिटी म्हणतात आणि उपकरणात तिचा आकडा माणसालाच भरावा लागतो. हजार अंशांच्या पोलादावर हा आकडा दहा टक्क्यांनी चुकला, तर 1 मायक्रॉनवर चालणारा पायरोमीटर सुमारे 11 अंशांनी फसतो. 10 मायक्रॉनच्या आसपास पाहणारी स्वस्त टेम्परेचर गन पंचाहत्तरच्या घरात. यावर जुने मिस्त्री म्हणतील की रंग बघून ताप ओळखण्यात आमची हयात गेली, यंत्राचं कौतुक कशाला? त्यांचं म्हणणं खोटं नाही. डोळाही एका अर्थाने पायरोमीटरच आहे, आणि बऱ्यापैकी छोट्या तरंगलांबीवर चालणारा. पण भर दुपारच्या उजेडात सहाशे अंशांची सळई त्याला जवळपास काळीच दिसते, रात्री तीच लालसर भासते. जिथे टीएमटीचा निकाल लागतो नेमका तिथेच डोळा थकतो.

त्याहून अवघड प्रश्न मधल्या हवेचा. रीहीटिंग भट्टीत ज्वाळांमधले कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ काही तरंगलांबी गिळतात आणि त्याच तरंगलांबींवर स्वतःही उजळतात. म्हणून ज्वाळेपलीकडचा माल पाहायला 3.9 मायक्रॉनची फट निवडतात; तिथे हे दोन्ही वायू जवळजवळ पारदर्शक असतात. 26 जुलै 2013 ला सोडलेल्या इन्सॅट-3डी उपग्रहाच्या इमेजरमध्येही 3.8 ते 4 मायक्रॉनचा एक चॅनेल आहे, कारण जमीन पाहायला हीच फट कामी येते. मात्र त्याच उपग्रहावरचा साउंडर उलट वागतो. त्याच्या 18 इन्फ्रारेड चॅनेलपैकी काही मुद्दाम 15 मायक्रॉनच्या जवळ, कार्बन डायऑक्साइडच्या शोषणपट्ट्यात बसवलेले आहेत. पट्ट्याच्या मध्यभागी हवा लवकर अपारदर्शक होते, म्हणून वरच्या थराचा ताप कळतो; कडेला सरकावं तसा खालचा. भट्टीत ज्या वायूला चुकवायचं, त्याच्याच आधाराने छत्तीस हजार किलोमीटरवरून मराठवाड्यावरच्या हवेचे थर मोजले जातात.

शुक्राचं उदाहरण याहून बोलकं आहे. 14 डिसेंबर 1962 रोजी मरिनर-2 शुक्राजवळून गेलं. त्यावरचा रेडिओमीटर 8.4 आणि 10.4 मायक्रॉनवर पाहत होता. दुसरी तरंगलांबी कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यातली, पहिली त्याबाहेरची. ढगांना भगदाडं असती तर पहिल्या चॅनेलला खालची ऊब दिसली असती. दोन्हींवर जवळपास सारखाच आकडा आला, शून्याखाली तीसेक अंश. म्हणजे ढग सलग होते आणि उपकरण ढगांचा माथा वाचत होतं. खालची जमीन साडेचारशे अंशांहून तापलेली! पोलादावरची सुटी, निवलेली पपडी पायरोमीटरला असाच चकवा देते. कुणी म्हणेल, मिलमध्ये खात्री करून घेता येते, ग्रहावर कोण जाणार? प्रत्यक्षात व्हेनेरा-7 ने 15 डिसेंबर 1970 ला शुक्रावर उतरून सुमारे 475 अंशांचा निरोप पाठवला. धावत्या सळईला मात्र अजून कोणी स्पर्श करून पाहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चॅनेल वाढवले, दोन रंगांचा पायरोमीटर घेतला की एमिसिव्हिटीचा घोळ मिटतो, असं विक्रेते सांगतात. गुणोत्तर घेतल्यावर ती कटते खरी, पण दोन्ही रंगांत ती सारखी असेल तरच. चॅनेलची संख्या नव्हे, त्यांची जागा महत्त्वाची. मंगळयानावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेला, तीन किलोहूनही हलका मिथेन सेन्सर होता; तो 1.65 मायक्रॉनजवळ पाहायचा. मंगळाच्या हवेत सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्याच्या बारीक रेषाही त्या भागात येतात. मिथेनची खूण त्यांच्यापासून वेगळी काढण्यासाठी लागणारं मोजमाप त्या रचनेत साधलं नाही. प्रकाश मात्र तो नीट मोजत होता, म्हणून त्याच्या नोंदींवरून मंगळाचा पृष्ठभाग कुठे किती सूर्यप्रकाश परतवतो याचे नकाशे तयार झाले.