मूळ पुस्तकात नसलेली मेलिंग

जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, वाचताना मला एक खोड लागली आहे. आधी पुस्तक वाचायचं, मग त्यावरची मालिका बघायची आणि पुस्तकात नसलेलं कोण आत घुसलंय याचा माग काढायचा. ‘कार्डकॅप्टर साकुरा’च्या बाबतीत हा नाद काही सुटत नाही. त्याचं कारण ली मेलिंग नावाची एक कजाग पोरगी.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो. चौथीतली साकुरा किनोमोतो वडिलांच्या ग्रंथसंग्रहातलं एक पुस्तक उघडते, त्यातले जादूचे पत्ते गावभर उडून जातात आणि पिवळ्या, पंखवाल्या केरोच्या मदतीनं ते परत गोळा करणं तिच्या गळ्यात पडतं. ‘क्लॅम्प’ या चार चित्रकर्तींच्या गटानं ही मांगा 1996 ते 2000 या काळात ‘नाकायोशी’ मासिकात लिहिली-रेखाटली. ‘सेलर मून’ही याच मासिकातली. पुस्तकरूपात तिचे 12 खंड झाले. ती संपायच्या आधीच, एप्रिल 1998 मध्ये, एनएचकेच्या उपग्रह वाहिनीवर मॅडहाउस स्टुडिओची मालिका सुरू झाली. दिग्दर्शक मोरिओ आसाका, भाग 70. साकुरा स्वतःभोवती गिरकी घेऊन रूप पालटत नाही. तिची मैत्रीण तोमोयो दर वेळी नवा पोशाख शिवते आणि वर व्हिडिओ कॅमेरा घेऊन मागेमागे फिरते. जादूवाल्या मुलींच्या गोष्टींत हे वेगळं होतं.

मांगात पत्ते 19, मालिकेत 52. पडद्यासाठी पाणी घालून वाढवलं, असं म्हणून पुस्तकप्रेमी इथंच नाक मुरडतात. पण हे वाढवणारं बाहेरचं कुणी नव्हतं. क्लॅम्पमध्ये कथा रचणारी नानासे ओकावा हीच मालिकेची प्रमुख पटकथाकार. म्हणजे मूळ लेखिकेनंच आपल्या गोष्टीची शिवण उसवून ती नव्यानं घातली. काही ठिकाणी तर मला मालिकाच जास्त शहाणी वाटते. मांगात वर्गशिक्षक तेरादा आणि त्यांची चौथीतली विद्यार्थिनी रिका यांचं लग्न ठरल्यासारखं दाखवलं आहे, अंगठीसकट. गोड रंगांत रंगवल्यानं ते गोड होत नाही. मालिकेनं त्याची धार पुष्कळच बोथट केली, हे बरं केलं.

आता मेलिंग. ती मालिकेतच जन्मली, मांगात ती नाही. हाँगकाँगहून आलेला श्याओरान हा साकुराचा प्रतिस्पर्धी. मेलिंग त्याची नात्यातली बहीण आणि स्वतःच जाहीर केलेली वाग्दत्त वधू. विसाव्या भागात ती वर्गात येते आणि आल्या दिवसापासून साकुराला पाण्यात पाहते. तिच्याकडे जादू शून्य. चिनी मुष्टियुद्ध येतं, जीभ तिखट, बाकी काही नाही. नव्याण्णव टक्के ठिकाणी असलं पात्र भांडण लावून देण्यापुरतं ठेवतात. सुरुवातीला इथंही तसंच वाटतं, आणि खरं सांगायचं तर काही भागांत ती डोकं उठवते.

पण ओकावा तिला तिथं सोडत नाही. लहानपणी मेलिंगचा हरवलेला पक्षी श्याओराननं शोधून आणला होता. त्या दिवशी तिनं त्याच्याकडून वचन घेतलं: तुला माझ्याहून जास्त आवडणारी कुणी भेटेपर्यंत आपलं ठरलेलं लग्न कायम. म्हणजे ते मोडायची अट तिनंच आधी घालून ठेवली होती. पुढे हाँगकाँगला परतलेली मेलिंग साठाव्या भागात पुन्हा येते, श्याओरानचा जीव साकुरावर जडलाय हे तिला कळतं, आणि ती स्वतःहून मागे सरते. मग तोमोयोच्या मांडीत डोकं खुपसून रडते. तोमोयोचंही साकुरावर प्रेम, तेही न फळणारं. त्यामुळे समजूत कुणी कुणाची काढायची हा प्रश्नच. संपूर्ण मांगात या तोडीचं दृश्य मला सापडत नाही.

मांगाचा शेवट माध्यमिक शाळेच्या गणवेशातल्या साकुराला परत आलेला श्याओरान भेटतो तिथं होतो. मालिकेत मात्र सत्तराव्या भागातही साकुराच्या ओठांवर मनातलं येत नाही. त्यासाठी 2000 सालच्या दुसऱ्या चित्रपटापर्यंत थांबावं लागतं, आणि तिथं दोघांना एकमेकांसमोर ढकलायची खटपट करणाऱ्यांत मेलिंगच पुढे. पुढची ‘क्लिअर कार्ड’ ही मांगा 2016 ते 2023 चालली. तिच्यातही मेलिंग नाही, पण 2018 च्या मालिकेत ती हजर.

बदल केले म्हणून रूपांतर बिघडतं, हे मला मान्य नाही. बिघडतं कशानं ते टोरांटोच्या नेल्वाना कंपनीनं दाखवून दिलं. पोकेमॉननं अमेरिकेतली मुलं टीव्हीपुढे खिळवली होती, तेव्हा जून 2000 मध्ये किड्स डब्ल्यूबीवर ‘कार्डकॅप्टर्स’ आली. ती सुरू झाली थेट आठव्या भागापासून, म्हणजे श्याओरान आल्यावर, कारण मुलग्यांना नायक हवा. 70 पैकी 39 भाग दाखवले. किनोमोतोची ‘अ‍ॅव्हलॉन’ झाली, तोमोयोची ‘मॅडिसन’. नावांचं एक वेळ सोडून देऊ. पण साकुराचा भाऊ तोया आणि त्याचा मित्र युकितो यांच्यातली ओढ गेली, तोमोयोचं प्रेम गेलं, साकुराचं लाजणं-अडखळणंही बरंचसं गेलं. ओकावानं 33 पत्ते वाढवून गोष्ट साकुराचीच ठेवली होती. इथं तिच्या हातातून काढून ती दोघांत वाटून टाकली.

आमचं गाव बेला, आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी कडेला, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी, आसपासच्या गुड्यांवर गोंडी. एकच किस्सा सकाळपासून रात्रीपर्यंत तीन भाषांत ऐकायची सवय असलेल्या माणसाला डबिंगचं अप्रूप नसतं. तो फक्त कुठला तुकडा गळला ते बघतो. साकुरा मला भेटली अ‍ॅनिमॅक्सवर. ही वाहिनी भारतात 2004 साली आली, आणि तिच्यावरचं साकुराचं इंग्रजी डबिंग कॅनडाचं नव्हतं. ते हाँगकाँगच्या ओम्नी प्रॉडक्शन्सनं आशियातल्या प्रेक्षकांसाठी वेगळं केलेलं. आवाज सपाट, वाक्यं कधीकधी घाईत उरकलेली, रडण्याच्या जागी बोलणारा कागदावरून वाचतोय असं वाटायचं. पण नावं जपानी, भाग पहिल्यापासून, तोया-युकितो जागच्या जागी. मेलिंगचा साठावा भागही पुरा.

अमेरिकेतल्या चाहत्यांना न कापलेली साकुरा बरीच वर्षं जपानी आवाजात, खाली इंग्रजी ओळी वाचतच बघावी लागली. 2014 मध्ये एनआयएस अमेरिकानं सगळे 70 भाग ब्लू-रेवर आणले, तेव्हा त्यांनाही इंग्रजी आवाज हवा होता. नेल्वानाचा त्यांनी घेतला नाही. घेतला तो आपल्याकडे लागायचा तो, हाँगकाँगचा सपाट आवाज.